हाताला हात

११ ऑक्टोबर १९९३

बियाण्याच्या दुकानातून मिळालेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडून होती. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतीचा सल्ला छापलाय. आजच्या पानावर करडईच्या पेरणीबद्दल आहे. मला शेती नाही, पण प्रकरण नोंदीवर आणणं भाग आहे. बावीस वर्षं दफ्तरात काढल्यावर माणसाला एक गोष्ट पक्की कळते, की जे नोंदीवर नाही ते घडलेलंच नाही.

प्रकरण असं, की माझी पत्नी सौ. हेमा घोरते.

किल्लारीकडे भूकंप झाला तेव्हापासून आमची अख्खी गल्ली शाळेच्या मैदानात झोपते. तिकडे गावंच्या गावं गेली, ऐकून जेवण जात नाही. इथे परभणीत आमच्या भिंतीला चीरसुद्धा गेलेली नाही, पण घरात झोपायची कोणाची छाती होत नाही. परवा मध्यरात्री मागच्या घरच्या धुरपताबाई एकदम ओरडल्या, "उठा वो समदे! जमीन गुरगुरायली!" सगळे उठले आणि पळत सुटले. मैदानातून पळायचं कुठं, तर प्रत्येकजण आपापल्या घरात! पाच मिनिटांनी कोणाच्या तरी लक्षात आलं, की आपण भूकंपाला भिऊन घरात शिरलोय. मग सगळे परत आले.

मला जाग आली तेव्हा गल्ली आमच्या अंथरुणाभोवती गोळा झाली होती. धुरपताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भूकंप न्हाई बाई, आवाज तर हितून यायलाय." मी हिच्याकडे पाहिलं. ही उठून बसलेली, मान खाली. गुन्हा कबूल असलेला माणूसच अशी मान खाली घालतो. मी तिच्या वतीने गल्लीची माफी मागितली.

पुरावा आजचा नाही. गेली काही वर्षं घोरण्याच्या आवाजाने माझी झोप रात्रीतून दहा-दहा वेळा मोडते. दचकून उठतो, छातीत धडधडतं, घशाला कोरड पडलेली. खोलीत आम्ही दोघंच. मी तर जागा असतो, आणि जागा माणूस घोरत नाही. मग उरलं कोण? विशेष म्हणजे दर वेळी हीसुद्धा जागीच सापडते. आपल्याच घोरण्याने जाग येत असणार बिचारीला.

१४ ऑक्टोबर

आज मेमो मिळाला. यंदाचा तिसरा.

दुपारी आवक रजिस्टरवर जरा डोळा लागला. उठलो तेव्हा अधीक्षक साहेब समोर, आणि माझ्या गालावर ओल्या शाईचा शिक्का उलटा उमटलेला: 'तातडीचे'. टायपिस्ट सूर्यभानने रुमाल दिला, पण तोवर सगळ्या कचेरीने वाचून घेतलं होतं. साहेब म्हणाले, "अनंतराव, नोव्हेंबरअखेर लेखी खुलासा द्या. नाहीतर मला वर लिहावं लागेल." वर लिहिलं की माझी बढती गेली, कदाचित खुर्चीही जाईल.

मी लगेच मसुदा केला: 'पत्नीच्या तीव्र घोरण्यामुळे रात्री निद्रानाश होत असून सबब दिवसा ग्लानी येते.' सूर्यभान टाइप करता करता थांबला. म्हणाला, "साहेब, वहिनींना दाखवला का हा कागद?" मी म्हटलं, "आरोपीला मसुदा दाखवायची पद्धत नाही." सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलं पाहिजे, एवढं मात्र त्याने सुचवलं. हुशार माणूस आहे.

२० ऑक्टोबर

आता सगळे घरात झोपायला लागले. सकाळी नेहमीसारखं डोकं जड. चहा झाल्याशिवाय माणसात येत नाही.

हिचं आणखी एक नोंदवून ठेवतो. वर्षभरापासून हिला झोपेत कोपर मारायची सवय लागलीय. बरगडीत असं मारते की माणूस जिवंत असेल तर उठलाच पाहिजे. विचारलं तर म्हणते, "कुशीवर व्हा." गेल्या मार्गशीर्षात माझे थोरले बंधू माधवराव गेले, तेव्हापासूनचं हे. हिने फार मनाला लावून घेतलं. खरं म्हणजे माधवरावांसारखं सुखाचं मरण कोणाला येतं? ना दुखणं, ना खुपणं. अठ्ठेचाळिसावं लागलेलं, रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. तेराव्याला वहिनी सांगत होत्या, "रोज एवढं घोरायचे, त्या रात्री मधेच गप्प झाले. मला वाटलं, बरं झालं, आज शांत झोप लागली. मीबी झोपले."

हे ऐकून ही तिथेच भिंतीला टेकून खाली बसली होती. बायकांचं काळीज हळवं असतं.

मला संक्रांतीनंतर अठ्ठेचाळिसावं लागेल.

२ नोव्हेंबर

आज ही स्वतःहून दातांच्या डॉक्टरकडे गेली. स्टेशन रोडला एका तरुणाने नवा दवाखाना घातलाय, डॉ. भुजंग. नाव भुजंग आणि धंदा दातांचा, पाटी वाचूनच अर्धे पेशंट परत फिरत असतील. ही तिथे तासभर होती. दात एकही काढला नाही. मी म्हटलं, "मग तासभर काय केलं?" म्हणाली, "बोलत होते. घोरण्यावर त्यांच्याकडं औषध हाय म्हणायलेत."

मी थक्क झालो. सव्वीस वर्षांच्या संसारात हिने घोरण्याचा विषय आपण होऊन काढला तो आज! मी तिला शाबासकी दिली. दोष कबूल करायला धैर्य लागतं. ती म्हणाली, "तुमीबी चला संगं. आणि डॉक्टर म्हणायलेत, आवाज ऐकायला भेटला तर बरं होईल."

६ नोव्हेंबर

जावयांचा टेपरेकॉर्डर मागवून घेतला. कोरी कॅसेट नव्हती, म्हणून हिची भजनांची घेतली. ही जरा कुरकुरली, पण पुराव्यापुढे भजन काय?

काल रात्री उशाशी टेप लावून मी आडवा झालो. मला दोन मिनिटांत झोप लागते, निर्मळ मनाची खूण. आज सकाळी बटण दाबलं आणि थक्क झालो. काय तो आवाज! गिरणीचा पट्टा निसटावा तसा. माझा मात्र अर्ध्या तासात चकार शब्द नाही. मी किती शांत झोपतो याचाही आपोआप पुरावा झाला.

एक गोष्ट चमत्कारिक निघाली. ही नुसती घोरत नाही, झोपेत बोलतेही. घोरणं मधेच थांबतं, आणि हिचा आवाज येतो, "अहो, कुशीवर व्हा." मग चक्क मोजते, "एक, दोन, तीन..." एकदा सतरा, एकदा बावीस, एकदा एकतीसपर्यंत गेली. मोजत असेपर्यंत घोरणं बंद. अर्थात, एका तोंडाने दोन कामं होत नाहीत. मग एकदम मोठा हुंकार, आणि ही म्हणते, "घेतला. घेतला बाई." पुढे काहीतरी पुटपुटते, ते नीट कळत नाही. काय घेतला, कोणाला ठाऊक. भाजी घेतली असेल.

९ नोव्हेंबर

डॉ. भुजंगांकडे गेलो. माणूस सभ्य आहे, हसतानाही दात कमी दाखवतो. त्यांनी कॅसेट लक्ष देऊन ऐकली. एकतीसच्या जागी त्यांनी स्वतःच्या घड्याळाकडे पाहिलं आणि टेप बंद केला. ही पदर तोंडाशी धरून बसलेली.

डॉक्टर म्हणाले, "हे साधं घोरणं नाही. झोपेत गळा सैल पडतो, जीभ आणि खालचा जबडा मागे सरकतात. श्वासाची वाट अरुंद झाली की माणूस घोरतो. वाट बंद झाली की गप्प होतो. तो गप्प होतो तेव्हा खरी भीती."

"मग त्याला लक्षणं काय?" मी विचारलं.

"सकाळी डोकं जड. दिवसा कुठेही झोप. चिडचिड. झोपेतून दचकून उठणं. आणि सगळ्यात मोठं लक्षण म्हणजे, पेशंट कधीच मानत नाही."

मी हिच्याकडे पाहून म्हटलं, "ऐक." ती म्हणाली, "ऐकायले."

लक्षणं ऐकताना मला कळलं, की शेजारी झोपणाऱ्यालाही याची लागण होते. डोकं जड होणं, दिवसा झोप, हे सगळं मला हिच्यामुळेच. तसं मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी आपला चिमटा उचलून पुसायला घेतला.

उपाय असा, की वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन साचे करायचे, कवळीच्याच प्लास्टिकचे. ते एकमेकांत अडकवायचे, म्हणजे खालचा जबडा रात्रभर थोडा पुढे धरला जातो आणि वाट मोकळी राहते. परदेशात करतात म्हणे. मुंबईला जाऊन झोपेची मोठी तपासणी करून घ्या, असंही म्हणाले, आणि रक्तदाब मात्र दोघांनीही याच आठवड्यात दाखवा.

मग अडचण निघाली. यंत्राला पकडायला भक्कम दात लागतात, आणि हिच्या सहा दाढा गेलेल्या. डॉक्टरांनी माझं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाले, "वा! बत्तीसच्या बत्तीस." मला संकोच वाटला. म्हटलं, "पण पेशंट ही आहे."

तेव्हा ही म्हणाली, "तुमी सत्यनारायणाला बसता तवा मी काय करते? पाणी तुमी सोडता, फुलं तुमी वाहता. मी नुसता हाताला हात लावते. तरी अर्धं पुण्य मला येतं का न्हाई?"

"येतं," मी म्हटलं. हे शास्त्र तिला मीच लग्नानंतर शिकवलं होतं.

"मंग तुमी यंत्र घाला. मी हाताला हात लावून झोपते."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. मला वाटलं, शिकलेला माणूस, हसेल. ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "करून पाहायला हरकत नाही." आणि पुढे म्हणाले, "शिवाय प्रमाणपत्र ज्याच्या तोंडात यंत्र, त्याच्याच नावाने देता येईल." हा मुद्दा बिनतोड होता. खुलाशाला माझ्याच नावाचं प्रमाणपत्र हवं होतं.

बायकोच्या दुखण्यापायी स्वतःचं तोंड पुढे करणारे नवरे या जिल्ह्यात किती असतील? हे मी अभिमानाने लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितोय.

१८ नोव्हेंबर

दिवाळीनंतर आज माप दिलं. एका पत्र्याच्या चमच्यात पिठल्यासारखं काहीतरी घट्ट कालवून तोंडात कोंबतात आणि नाकाने श्वास घ्या म्हणतात. मला उमासे आले. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, आणि समोर ही पदराने माझी हनुवटी पुसतेय, जशी आमच्या लेकीची, सुनेत्राची, लहानपणी पुसायची. मग मेणाची पट्टी दातांत धरून डॉक्टर म्हणाले, "खालचा जबडा पुढे काढा. आणखी. आणखी थोडा." आरशात पाहिलं तर मी मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखा दिसत होतो.

रक्तदाबही दाखवला. हिचा ठीक निघाला. माझा वाढलेला. औषध सुरू केलं. यातही हिचीच जागरणं मला भोवली.

२९ नोव्हेंबर

यंत्र आलं. गुलाबी आहे. डबी साबणाची.

कालच्या पहिल्या रात्री दोन तासांत काढून ठेवलं. जबडा असा दुखला की सकाळी भाकरी चावेना, दातावर दात बसेना. लाळेने उशी भिजली. डॉक्टरांनी सांगितलं होतंच, की हळूहळू सवय करा, सकाळी तोंड उघडझाप करा. सकाळी अंगणात तोंड उघडझाप करत होतो तर धुरपताबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "काय झालं वो मालक? लगाम घातला का बाईनं?" अडाणी बाई. तिला हाताला हात लावण्याचं शास्त्र समजावण्यात अर्थ नव्हता.

प्रमाणपत्र जोडून खुलासा सादर केला.

६ डिसेंबर

चार रात्री सलग पूर्ण घातलं. यंत्र तोंडात असताना बोलता येत नाही, त्यामुळे दिवा मालवल्यावर हिला रोज काही ना काही सुनावायची माझी पद्धत बंद पडली. ही मात्र बोलते. काल बराच वेळ तिच्या लहानपणच्या जिंतूरच्या गोष्टी सांगत होती. त्या मला सव्वीस वर्षांत माहीत नव्हत्या. मधे बोलता न आल्याने ऐकाव्या लागल्या. बऱ्या होत्या. सांगताना तिचा हात माझ्या मनगटावर, नेमका नाडीवर.

२० डिसेंबर

गुण आला! तोही असा की शास्त्राला दंडवत घालावा.

आठ दिवस झाले, घोरण्याने माझी झोप एकदाही मोडलेली नाही. ही साफ बरी झाली. आणि बरी झाल्यावर काय करावं? झोपते! लग्नापासून रोज पाच वाजता उठणारी बाई आज साडेसातपर्यंत उठली नाही. चहा मला करावा लागला. साखरेचा डबा कुठे असतो हे मला आज कळलं. कप घेऊन गेलो तर ही दोन्ही हात उशीखाली घालून लहान पोरीसारखी झोपली होती. उठवायला कोपर पुढे केलं आणि मागे घेतलं. चेहरा फार दमलेला होता. मला कळेना, घोरणारा माणूस इतका दमतो?

लागण उतरल्यामुळे मलाही आराम आहे. डोकं हलकं. दुपारी कचेरीत जागा असतो. बाईंडरकडे गेलेली तीन रजिस्टरं दोन वर्षं परतच आली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. साहेब म्हणाले, "अनंतराव, झोपला होतात तेच बरं होतं."

२९ डिसेंबर

रोग बरा झाला की औषध बंद करावं, म्हणून रविवारपासून मी यंत्र डबीत ठेवलं. आणि काय सांगावं! त्याच रात्री हिचं घोरणं परत सुरू. दोनदा दचकून उठलो. ही अर्थातच जागी. सोमवारी परत घातलं, घोरणं बंद. मंगळवारी काढलं, सुरू. माझ्या तोंडात यंत्र असेल तर ही घोरत नाही, नसेल तर घोरते. याहून स्वच्छ पुरावा कोणत्या प्रयोगशाळेत मिळणार?

हे डॉक्टरांना उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. जन्मभर घालावं लागेल."

घरी आल्यावर ही म्हणाली, "आता प्रयोग करू नका. मला सोसत न्हाई." तिचे डोळे परत लाल झाले होते. मी शब्द दिला.

१७ जानेवारी १९९४

त्र्याण्णवची डायरी संपली. मागच्या पत्त्यांच्या कोऱ्या पानांवर लिहितोय.

संक्रांतीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सोळा वर्षांचा वाद. आज सूर्यभान पेढे घेऊन आला. सगळ्यांना देत देत माझ्या टेबलाशी थांबला आणि म्हणाला, "साहेब, आता जागे असता म्हणून हातावर देतो. नाहीतर रजिस्टरवर ठेवून जावं लागलं असतं." मी हसलो. पेढा तोंडात टाकल्यावर मला आठवलं, की अठ्ठ्याहत्तर साली, याच वादात दलित वस्त्या जळत होत्या तेव्हा, सूर्यभान चार दिवस कामावर आला नव्हता. त्याच्या गैरहजेरीची नोंद मीच केली होती, लाल शाईने. का आला नाही, हे विचारलं नव्हतं. आज विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, पण हात जरा जास्त वेळ हातात धरला. तो म्हणाला, "घ्या आणखी एक."

जागं राहणंही एकूण सोपं नाही.

२४ जानेवारी

पालमला सुनेत्राच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. घरात तान्हं बाळ, म्हणून ही चार दिवस तिकडे गेली. सव्वीस वर्षांत मला एकटं सोडून जायला हिला इतकं जड कधी गेलं नव्हतं. बसस्टँडवर तीन वेळा सांगितलं, "यंत्र घाला. विसरू नका." गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, "मी तिथून हात लावीन."

मी हो म्हटलं. पण तसं पाहिलं तर ज्याच्यासाठी घालायचं ती इथे नाही. पेशंट पालमला, औषध परभणीला, याला अर्थ नाही. डबी कपाटात ठेवली. कितीतरी दिवसांनी मोकळ्या तोंडाने झोपणार आहे.

२५ जानेवारी

सकाळी नळावर धुरपताबाई म्हणाल्या, "बाई आल्या का परत?"

"नाही. शुक्रवारी येतील."

"आसं?" त्यांनी घागर खाली ठेवली. "मंग रातच्याला घोरायलं कोन?"

मी म्हटलं, मांजर असेल. त्या म्हणाल्या, "मांजर न्हाई मालक. मधीच बंद पडायलं. लय येळ बंद पडायलं. मी उठून तुमचं दार वाजवनार व्हते, तवर परत सुरू झालं."

घरात आलो. काल रात्री मी चार वेळा दचकून उठलो होतो, छातीत धडधड, घसा कोरडा. प्रत्येक वेळी घोरण्याच्याच आवाजाने. आणि शेजारची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

खोलीत मी एकटा. जागा माणूस घोरत नाही. मग उरलं कोण?

कचेरीत गेलो नाही. कॅसेट काढली. टेप घरीच होता. दार लावून ऐकली. पहिल्यांदा ऐकताना मी घोरणं ऐकलं होतं. आज हिचा आवाज ऐकला. झोपेतल्या माणसाचा आवाज असा नसतो. पुरती जागी होती. "एक, दोन, तीन..." पंधरापर्यंत सावकाश, पुढे घाई, पंचविसाच्या पुढे आवाज कापरा. "एकोणतीस, तीस, एकतीस..." मग कोपर लागल्याचा आवाज, माझा हुंकार. "घेतला. घेतला बाई." त्यापुढचं पुटपुटणं कळत नव्हतं म्हणून मी टेपला कान लावला. चार वेळा मागे-पुढे केल्यावर कळलं. ती म्हणत होती, "थोरल्या भावजींवानी करू नका वो."

भाजी नव्हती घेतली. श्वास घेतला होता. मी.

वर्षभर रोज रात्री ही मोजत होती. आणि मी तिच्याविरुद्ध कागद केला, तीन प्रतींत, एक प्रत कचेरीच्या फायलीत. गल्लीपुढे तिच्या वतीने माफी मागितली. मला माझी फार लाज वाटते. हे आणखी कसं लिहायचं ते कळत नाही.

रात्री यंत्र घातलं. हात रिकाम्या गादीवर ठेवला.

२८ जानेवारी

पालमची गाडी दोन तास उशिरा आली. उतरताच हिने पहिलं विचारलं, "घातलं होतं का?"

"पहिल्या रात्री नाही."

हातातली पिशवी तिने खाली ठेवली. रागावली नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आन मंग?"

"मग धुरपताबाईंनी विचारलं, कोण घोरतं म्हणून."

रिक्षात निम्म्या वाटेवर गेल्यावर तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. हसत होती. मग रडलीही. मी म्हटलं, "आधी का नाही सांगितलंस?"

"लय डाव सांगितलं. तुमाला पटतंय व्हय? पुण्य म्हणलं तवा पटलं."

सोमवारी खुलासा मागे घेणारा अर्ज देणार आहे. मसुदा तिला दाखवला. त्यात उतरवलेल्या जुन्या वाक्यातला 'पत्नीच्या' हा शब्द तिने बोटाने झाकून पाहिला आणि म्हणाली, "आता बरं वाटायलं."

२९ जानेवारी

काल रात्री ही अंग टाकल्याबरोबर झोपली. मी यंत्र घालून मुद्दाम जागा राहिलो. म्हटलं एक रात्र आपणही मोजून पाहावं.

आणि हेही नोंदीवर असू द्यावं, की ही खरोखर घोरते. अगदी बारीक, मांजर अंगाशी झोपल्यावर करतं तेवढं. म्हणजे माझा खुलासा अगदीच खोटा नव्हता. श्वास थांबला की मी मोजायचो. तीनच्या पुढे एकदाही गेला नाही. तरी पहाटेपर्यंत मोजत राहिलो.

कोपर मारलं नाही. हाताला हात लावून होतो.